नकाशा घेऊन खानापूर तालुक्यात : आमच्या क्लबचं हिवाळी शिबिर

पहिला दिवस : येळ्ळूर, राजहंसगड

भाताची मळणी आटोपली आणि शिवारं मोकळी झाली की आमच्या ओरिएंटियरिंग क्लबचा हंगाम सुरू होतो. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन नेमलेल्या जागा क्रमाने शोधत पळायचा खेळ. पावसाळ्यात बेळगाव-खानापूर पट्ट्यात शिवारातून पळणं शक्य नसतं. उभ्या पिकात पाय घालायचा नाही हा तर क्लबचा पहिला नियम आहे. डिसेंबरात भाताची वावरं कोरडी पडतात, बांध उघडे दिसतात, गवत पिवळं पडतं आणि जमिनीचा उंचसखलपणा डोळ्यांना नीट कळायला लागतो. म्हणून दरवर्षीचं शिबिर याच दिवसांत.

नव्या मुलांसाठी सुरुवात राजहंसगडापासून केली. येळ्ळूरच्या या गडावर बेळगावातला प्रत्येक जण एकदा तरी गेलेला असतो. सिद्धेश्वराचं दर्शन, शिवरायांच्या पुतळ्यापाशी फोटो, की झालं. आम्ही मात्र मुलांना तटावर बसवून प्रत्येकाच्या हातात भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा दिला आणि समोर दिसतंय ते कागदावर शोधायला सांगितलं. उत्तरेला बेळगाव शहर, पलीकडे वैजनाथ-महिपाळगडाची रांग, खाली येळ्ळूरची घरं आणि भाताची शिवारं.

नकाशावाचनाचं काम आमच्या सुभेदारकाकांकडे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. बेळगाव तालुक्यात अशी घरं गावोगाव आहेत, पण फौजेत शिकलेली ही विद्या गावच्या पोरांना शिकवायला रोज पहाटे उठणारा माणूस विरळा. त्यांनी पहिली गोष्ट करून घेतली ती नकाशा फिरवण्याची. होकायंत्राची सुई आणि नकाशावरची उत्तर जुळेपर्यंत नकाशा फिरवायचा. मग कागदावर उजवीकडे असलेली टेकडी खरोखरच उजवीकडे दिसायला लागते. आठवीतली एक मुलगी जमिनीच्या हिशेबाने नकाशा उलटा धरून बसली होती, कारण त्यावरची अक्षरं सरळ दिसायला हवीत असं तिला वाटत होतं. काका म्हणाले, "बाळ, अक्षरं उलटी दिसू देत. जमीन सरळ दिसू दे."

समोच्च रेषा भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनीच काढलेल्या असतात. परीक्षेत दोन मार्कांना येतात. पण ज्या टेकडीवर आपण बसलोय तिच्याच रेषा हातात असल्या की त्या दोन मार्कांचं रूप बदलतं. रेषा जवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सपाटी. खालच्या बाजूला इंग्रजी व्हीसारखी टोकं निघाली तर सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरणारी धार, वरच्या बाजूला शिरली तर ओढा. मुलांना तटावरून खाली उतरवलं आणि एक सोंड, एक ओढा, एक सोंड असं गडाला आडवं चालवलं. पाय वर गेला की कागदावर बोट एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर. तासाभरात बहुतेकांना ते साधलं.

रात्री खानापुरात मुक्काम. तांदळाची भाकरी, मसुराची आमटी आणि खरडा. जेवणं झाल्यावर काकांनी या खेळाची हकिकत सांगितली. स्वीडनच्या कार्लबर्ग लष्करी प्रबोधिनीत १८८६ च्या सुमारास ओरिएंटियरिंग हा शब्द रुळला. सामान्य लोकांसाठीची पहिली स्पर्धा नॉर्वेत ओस्लोजवळ ३१ ऑक्टोबर १८९७ ला झाली. पुढे १९१९ मध्ये अर्न्स्ट किलांडर या स्वीडिश अधिकाऱ्याने स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली. धावण्याकडे पाठ फिरवलेली तरुण पोरं त्याला जंगलात आणायची होती. १९६१ मध्ये दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मुलांना सगळ्यात आवडला तो किलांडर. लष्करातला माणूस पोरांसाठी खेळ उभा करतो, हे त्यांनी समोर बसलेल्या काकांशी लगेच जोडलं.

दुसरा दिवस : हलशी

सकाळी वडापनं नंदगडमार्गे हलशीला. वाटेत नंदगडला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी थांबलो. २६ जानेवारी १८३१ ला त्यांना नंदगडजवळ फाशी दिलं. किती तरी वेळ मुलं समाधीजवळच्या वडाखालून हलायला तयार नव्हती.

हलशी आज लहान गाव असलं तरी एके काळी कदंबांची राजधानी होती. बाराव्या शतकातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ पाहण्यासारखंच आहे. आत दोन गाभारे समोरासमोर, एकीकडे नरसिंह, दुसरीकडे भूवराह. गावात आणखीही जुनी देवळं आहेत आणि त्यांच्यामधून गल्ल्या वळत-वाकत जातात. स्प्रिंट, म्हणजे वस्तीतून पळायच्या छोट्या अंतराच्या प्रकाराला, अशीच जागा लागते.

स्प्रिंटचा नकाशा १:४,००० चा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर चाळीस मीटर. एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रत्येक घर, प्रत्येक गडगा, प्रत्येक जिना दाखवावा लागतो. जाड काळ्या रेषेची भिंत ओलांडायची नाही. कुणी चढून उडी मारली तर बाद. लोकांची परसं आणि अंगणं ऑलिव्ह हिरव्या रंगात, तिथं पाऊल ठेवायचं नाही. गावाचा मान राखायची ही पद्धत मला या खेळात फार मोलाची वाटते. आम्ही आदल्या महिन्यातच पंचमंडळींना भेटून, घरोघर सांगून परवानगी घेतली होती. देवळांचं आवार नकाशात होतं, पण कंट्रोल एकही आत ठेवला नाही.

कंट्रोल म्हणजे नकाशावरच्या वर्तुळाच्या मध्यावर असलेली खूण. तिथं तीन बाजूंचा, प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटरची, नारिंगी-पांढरा कापडी निशाण लटकतो. आमचे निशाण वडगावातल्या एका शिंप्याने शिवून दिले आहेत. चौकोनाला कर्णावर दुभागून वरचा भाग पांढरा, खालचा नारिंगी. पहिली जोडी शिवताना त्यांनी कापड तिरकं कापायचं ते सरळ कापलं, मग स्वतःच उसवून पुन्हा शिवलं. निशाणाखाली सुयांचा लहान पंच बांधलेला असतो. प्रत्येक पंचच्या सुयांची मांडणी वेगळी. कार्डाच्या त्या त्या चौकोनात तो दाबला की भोकांवरून कळतं की धावणारा खरंच तिथं पोचला होता. मोठ्या स्पर्धांत बोटाला लावायची इलेक्ट्रॉनिक चिप असते, पण तिच्या एका संचाच्या पैशात आमच्या किती तरी पोरांना होकायंत्रं येतात. आम्ही होकायंत्रं घेतली.

हलशीत मुलं पळायला लागली आणि गावाचं लक्ष गेलं. एका दारात नाचणी निवडत बसलेल्या आजी प्रत्येक जोडीला विचारत होत्या, "कशाला पळतासा गं पोरींनो? आत या, पाणी प्या." पोरी नकाशावर अंगठा ठेवून "येताना आज्जी, येताना" म्हणत पुढं. आणि येताना खरोखर गेल्या. शेवटची जोडी परतेपर्यंत त्या घरी चहाचं आधण दोनदा ठेवलं गेलं.

अंगठ्याचं हे तंत्र स्प्रिंटमध्ये फार उपयोगी. नकाशा घडी घालून लहान करायचा, आपण जिथं आहोत तिथं अंगठ्याचं टोक, आणि वळण आलं की अंगठाही पुढं सरकवायचा. डोळे वर गेले तरी कागदावरची जागा हरवत नाही.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. आमच्याकडे मराठी शाळेतली मुलं आहेत तशी बैलहोंगल-सौंदत्तीकडची कन्नड शाळेतली मुलंही आहेत. कंट्रोलचं वर्णन आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चित्रखुणांत असतं. गडग्याचा कोपरा, पायरीचं वरचं टोक, एकट्या झाडाची पूर्व बाजू, हे सगळं एका पट्टीत, अक्षराविना. हलशीच्या गल्लीत एक कन्नड बोलणारी मुलगी आणि एक मराठी बोलणारा मुलगा एकाच पट्टीवर डोकं टेकवून भांडत होते की कोपरा आतला की बाहेरचा. भांडण खुणेवरून होतं. तिचं बरोबर होतं.

तिसरा दिवस : जांबोटीजवळचा सडा

माझ्यासाठी शिबिराचा खरा दिवस हाच. आज धावणं नव्हतं, नकाशा करायचा होता.

ओरिएंटियरिंग क्लब म्हटलं की लोकांना शर्यती दिसतात. पण शर्यतीआधी नकाशा लागतो आणि तो दुकानात मिळत नाही. काकांनी गडावर दिलेला नकाशा चांगलाच आहे. ज्या सर्वेक्षण खात्याची सुरुवात १७६७ मध्ये झाली त्याच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण १:५०,००० वर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन कंटूरमध्ये, म्हणजे समोच्च रेषांमध्ये, उंचीचं अंतर वीस मीटर. पुरुषभर उंचीची दरड, खड्डा, वारूळ, यांतलं काहीच त्यात मावत नाही. आमच्या खेळाला १:१०,००० किंवा १:१५,००० आणि पाच मीटरचे कंटूर लागतात. युरोपात विमानातून लेझरने मोजलेली जमीन आयती मिळते. आमच्याकडे उपग्रहाची तीस मीटर चौकटीची उंचीची माहिती मिळते, इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरही आहे. तिच्यावरून टेकडीचा ढोबळ आकार येतो. बाकीचं चालूनच भरायचं. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे करण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले, त्यानंतर आमच्यासारख्यांना हे काम मोकळेपणाने करता येऊ लागलं.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आम्ही जात नाही. २०११ मध्ये जाहीर झालेलं हे जंगल वाटा सोडून हिंडण्यासाठी नाही, आणि नसावं. हद्दीबाहेरचा, गावच्या गुरांच्या वापरातला सडा आम्ही घेतला, तोही वनखात्याला विचारून. या भागात अस्वल आणि गवा दोन्ही आहेत. म्हणून एकट्याने कुणी जायचं नाही, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, आणि सूर्य कलायच्या आत सगळे परत.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. डिसेंबरात गवत गुडघ्याइतकं आणि वाळलेलं, मधेमधे उघडा काळपट-तांबडा कातळ. काठावर मात्र जांभा एकदम तुटतो आणि खाली कारवी नि घाणेरी माजलेली. नकाशाच्या भाषेत उघडं गवत पिवळं, पळता येईल असं रान पांढरं, आणि जसजशी झाडी दाट तसतसा हिरवा गडद. घाणेरीचा गचपण सगळ्यात गडद हिरवा. तिथं माणूस शिरत नाही, शिरला तर कपडे फाडून घेतो. नवख्यांना आधी हे उमगत नाही की पांढरा रंग म्हणजे मोकळी जागा नव्हे, चांगलं रान.

कामाची रीत अशी. दोघांची जोडी, एकाच्या हातात टॅबलेट, त्यात ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्याच्या हातात होकायंत्र. पक्क्या जागेवरून निघायचं, गाडीवाटेचा फाटा किंवा बांधाचा कोपरा असा. समोरच्या वस्तूची दिशा घ्यायची, पावलं मोजत जायचं. सपाट सड्यावरचा पावलांचा हिशेब वेगळा, उतारावरचा वेगळा, झाडीतला आणखी वेगळा. मग दुसऱ्या पक्क्या जागेवरून त्याच वस्तूची दिशा घेऊन ताडून बघायचं. जीपीएस असतं, पण झाडीखाली ते इकडेतिकडे सरकतं, आणि दरडीचा कोपरा दहा मीटर सरकला तर धावणारा दरडीच्या चुकीच्या बाजूला जातो.

होकायंत्राबद्दल एक गंमतीची गोष्ट इथंच कळली. कुणाच्या तरी भावाने युरोपातून चांगलं महागडं होकायंत्र आणलं होतं. सुई फिरेचना, दक्षिणेचं टोक खाली टेकून तळाला घासत होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिकडे जमिनीत तिरकं उतरतं, म्हणून तिकडच्या सुईला दक्षिणेकडे जास्त वजन देऊन तोललेलं असतं. इथं ते क्षेत्र बरंच आडवं, म्हणून तेच वजन जड होतं. होकायंत्र घेताना ते कुठल्या पट्ट्यासाठी तोललंय हे बघून घ्यावं.

वारुळांवरून बरीच चर्चा झाली. सड्याच्या कडेला ती इतकी आहेत की सगळी काढली तर नकाशा खुणांनी भरून जाईल. शेवटी ठरलं की कमरेच्या वर असतील तीच, आणि शेजारी दुसरं मोठं असेल तर दोन्हींपैकी ठळक ते. पळणाऱ्याच्या नजरेत भरेल तेवढंच काढायचं हा नियम. जुनी चिऱ्याची खाण मात्र पूर्ण दिवसभराचं काम होऊन बसली. तिच्या भिंती करवतीने कापल्यासारख्या सरळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेल्या, तळाला पावसाळ्याचं पाणी अजून शिल्लक. प्रत्येक पायरी किती उंच, कुठून उतरता येतं, कुठून मुळीच नाही, हे चारदा फिरून पाहिलं. ओलांडता न येणारा कडा नकाशावर जाड काळ्या रेषेने आणि खालच्या बाजूला दातांनी दाखवतात. हा दात चुकीच्या बाजूला गेला तर पोराचा पाय मोडेल, म्हणून मी स्वतः दोरी सोडून उंची मोजली.

दुपारी गवळी-धनगराच्या वाड्यावरचे एक आजोबा म्हशी घेऊन आले. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय शोधतासा?" मी टॅबलेट दाखवून सांगितलं की सड्याचा नकाशा करतोय. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, काठीने दरडीकडे दाखवलं. "तिकडं बारमाही झरा हाय. लिवला काय?" लिहिला नव्हता. ते पुढं, आम्ही मागं. दरडीच्या कुशीत, नेच्यांच्या आड, ओंजळभर पाणी दगडातून येत होतं आणि हातभर जाऊन पुन्हा मुरत होतं. उपग्रहाला दिसणं शक्य नाही, आणि आम्हीही त्या दरडीवरून पलीकडे गेलो होतो. नकाशात निळी खूण टाकली. आजोबांनी आणखी दोन वाटा सांगितल्या, एक म्हशींची आणि एक पूर्वी पायी गोव्याकडे जाणाऱ्यांची. दुसरी आता गवताने बुजलीय, पण उभं राहून तिरक्या उन्हात पाहिलं की जमिनीवर तिचा खळगा उमटतो. दोन्ही तुटक रेषेने काढल्या.

चौथा दिवस : शर्यत, आणि कणकुंबी

सकाळी धुकं इतकं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. सुरुवात पाऊण तास पुढं ढकलली. धुकं थोडं विरल्यावर जोड्या तीन-तीन मिनिटांनी सोडल्या. जांभळ्या त्रिकोणापासून निघायचं, वर्तुळं क्रमाने, दोन वर्तुळं एकात एक असली की फिनिश. मधल्या अंतराची स्पर्धा, सरळ रेषेत मोजली तर साडेतीन किलोमीटर.

तिसऱ्या कंट्रोलवरून चौथ्याला जाताना आडवा ओढा होता. सरळ गेलं तर अंतर कमी, पण ओढ्यात घाणेरी. डावीकडून गाडीवाट फिरून येते, जवळपास दुप्पट लांब, पण पायाखाली मोकळी. आखणी करणाऱ्याने हा पेच मुद्दाम ठेवला होता. कॉलेजची पोरं सरळ घुसली आणि ओरखडे घेऊन बाहेर आली. त्यांच्यामागून निघालेली शाळेची जोडी गाडीवाटेने पळत येऊन त्यांच्या आधी पोचली.

माझी नेमणूक सहाव्या कंट्रोलजवळ, सुरक्षेसाठी, झुडपाआड. तिथून दिसायचं, बोलायचं नाही. पुन्हा धुक्याचा लोट आला आणि त्यात दोन मुली माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर येऊन थांबल्या. एक आमच्या आठवीतली, गडावर नकाशा उलटा धरणारी. दुसरी म्हणाली, "आपण चुकलोय. मागं जाऊया." पहिली म्हणाली, "थांब. काय काय दिसतंय ते बोल." आणि दोघी एकेक गोष्ट मोठ्याने सांगू लागल्या. उतार डावीकडं. बांध इथं वळतोय. बांधाच्या वळणावर एकटा आंबा. पायाखाली कातळ नाही, माती. मग नकाशावर बोट. बांध वळणारी ठिकाणं दोन होती. आंबा एकाच ठिकाणी होता. मी श्वास रोखून उभी होते. ओरडून सांगावं असं वाटत होतं, पण सांगितलं असतं तर ती जागा त्यांची राहिली नसती. "हे बघ, इथं आहोत," आठवीतली म्हणाली, होकायंत्र पोटाशी धरलं, सुई जुळवली आणि दोघी धुक्यातून सरळ माझ्या रोखाने निघाल्या. पंच दाबल्याचा कट् असा आवाज आला. तेव्हा कुठं त्यांना मी दिसले.

त्या दोघींचा नंबर आला नाही. वेळ बरीच गेली होती. पण संध्याकाळी काकांनी सगळ्यांसमोर त्यांना बोलावून तो दोन मिनिटांचा संवाद जसाच्या तसा पुन्हा करून दाखवायला लावला, आणि क्लबच्या जुन्या पोरांना तो वहीत लिहून घ्यायला सांगितला.

दुपारनंतर कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. इथून ती पूर्वेला निघते, खानापूर, सौंदत्तीचं धरण करत कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. याच तालुक्यात, भीमगडच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. शेवटचा धडा हाच होता. मुलांनी नकाशावर कंटूर वाचून जलविभाजक रेषा पेन्सिलने ओढायची. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या मुलांनी आपल्या तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना वाटून दिलं. एका मुलाने रेषा ओढताना विचारलं की आमचं गाव कुठल्या बाजूला. शोधलं, पूर्वेला निघालं. त्याच्या मामाचं गाव पश्चिमेला. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात किती वर्षं वाद चाललाय हे त्या मुलांनी बातम्यांत ऐकलेलं होतंच. आज ती रेषा त्यांच्या स्वतःच्या पेन्सिलने उमटली.

सड्याचा पूर्वेकडचा भाग पुरा झाला आहे, पश्चिमेचा कडा अजून कोरा आहे. संक्रांतीनंतरचे रविवार त्यासाठी ठेवले आहेत, उन्हं तापायच्या आत. त्या आजोबांनी आणखी एका झऱ्याचा उल्लेख केला होता, तो आधी बघायचाय. नकाशा छापून झाला की पहिली प्रत धनगरवाड्यावर आणि दुसरी हलशीच्या शाळेत द्यायची असं ठरलंय. ज्यांना चालायला यायचंय त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली आणि शिट्टी आणावी. होकायंत्र क्लब देईल.